कपाटातला सूर

१

नवस तसा साधाच होता. त्यात उपास नव्हता, अनवाणी चालणं नव्हतं, काही वाहायचं नव्हतं. आईने आयुष्यभर असे नवस पुष्कळ केले होते. नवऱ्याच्या बोटावरून करवत फिरली तेव्हा केला, मुलगा सातवीत तापाने फणफणला तेव्हा केला, मुलीचा गळा ऐन परीक्षेत बसला तेव्हा वर्षभर गोड सोडलं. देवाशी तिचं बोलणं घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं सरळ असे. तू एवढं कर, मी एवढं करते.

या नवसाच्या वेळी मुलगी जाऊन चौदा महिने झाले होते. तीन दिवसांचा ताप, दवाखान्यातली खाट, आणि संपलं. तेव्हापासून मुलगा झेरॉक्सच्या दुकानात कामाला जायचा, दुपारी यायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. गिटारची पेटी दारामागे उभी होती, तिच्यावर धूळ बसली होती. बहीण गायची आणि हा तिच्यामागे वाजवायचा. आता गाणारीच नाही तर वाजवायचं कुणासाठी?

त्यात आईची जीभ. तेवीस वर्षांची सवय ती. वाळलेले कपडे आत आण गं, म्हणून हाक मारायची आणि मुलीचं नाव तोंडातून निसटायचं. नाव निघालं की मुलगा ताट बाजूला सारून उठायचा. दिवसातून दोनदा, तीनदा.

तर एका सकाळी दिवा लावून आई म्हणाली, "याला पुन्हा वाजवू दे. मनापासून वाजवू दे. मी तिचं नाव परत तोंडातून काढणार नाही. ते नाव तुला दिलं."

'दिलं' म्हणताना तिला रडू आलं नाही. तेव्हा त्या घरात कुणालाच काही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडीला सुई देतात, मग गाल आपलाच असून आपला लागत नाही. सगळं घर तसं झालं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मुलाने दारामागची पेटी उघडली.

२

गिटारला जोडायचा त्याचा ॲम्प म्हणजे पाच वॅटचा छोटा डबा होता. स्वस्तातला, पण ट्यूबवाला. आत काचेच्या दोन ट्यूबा, एक बोटाएवढी आणि एक जरा जाड. चालू केलं की मिनिटभराने नारिंगी दिसायच्या. मग घूंऽऽ असा बारीक आवाज सुरू व्हायचा. तो आवाज आला की डबा तापला, आता वाजवायला हरकत नाही, असं समजायचं.

"आई, ऐकतेस?"

"ऐकतेय ना."

"कसा वाटतो?"

"छान आहे."

"खरं सांग."

आईने भाजी चिरता चिरता विचार केला. "डब्यात वाटाणे हलवल्यासारखा."

मुलाच्या ओठाचा एक कोपरा हलला. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. आईने मान खाली घालून तेवढं एक दृश्य जपून ठेवलं.

"बरोबर बोललीस," तो म्हणाला. "मागे वाजवायला हा डबा ठीक होता. मागचा आवाज कसाही असला तरी चालून जातो. आता आमच्या ऑर्केस्ट्रातली मंडळी म्हणतात, पुढच्या महिन्यात सभागृहात कार्यक्रम आहे, गाणारं कुणी नाही, तर तू गिटारवरच गा. म्हणजे एकेक सुटा सूर घ्यायचा, आणि तो टिकला पाहिजे. गळ्यातून आल्यासारखा. हा तिथेच मान टाकतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दुसरा बघतील."

तो हे सहज म्हणाला. पण आईला ठाऊक होतं, पेटी आता बंद झाली तर पुन्हा उघडायची नाही. नवस एकदाच ऐकला जातो.

मग तो आवाजाच्या मागे लागला. डबा जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवला, म्हणजे फरशी घुमत नाही. खालच्या जाड आवाजाचं बटण कमी केलं, मधल्याचं वाढवलं, कारण माणसाचा गळा त्या मधल्या जागेत असतो म्हणे. पायाखालच्या पेडलचा चरचराट जवळजवळ शून्यावर आणि जोर पूर्ण, म्हणजे पेडल स्वतः बोलत नाही, नुसतं ट्यूबला पुढे ढकलतं. आई बघत राही. मीठ चिमटीचिमटीने घालून चव बघावी तसं चाललं होतं. आवाज सुधारला. वाटाण्यांचा राजमा झाला, असं तिने सांगितलं. पण सूर तीन मोजेपर्यंत मरायचा.

३

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून, जिन्याखाली होतं. मुलगा एकटा जाईना म्हणून आई सोबत गेली. ॲम्पमधून मध्येच काचेवर नख वाजवल्यासारखं काहीतरी ऐकू यायला लागलं होतं.

दुरुस्तीवाल्याने डबा मागून उघडून चालू केला आणि पेन्सिलीच्या टोकाने छोट्या ट्यूबवर हलकेच टिचकी मारली. स्पीकरमधून टण्ण आवाज आला, दुकानभर.

"ही बघा. म्हातारी झाली की यांचे आतले भाग सैल होतात. मग ती नुसता आवाज वाढवत नाही, आजूबाजूचं ऐकायला लागते. माइकसारखी. ताई, हिच्याजवळ बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. नाव सांगा कुणाचं."

आई पदराने डब्यावरची धूळ पुसायला लागली. मुलगा खाली बघत होता. शेवटी दुरुस्तीवालाच वाकून म्हणाला, "काय म्हणतेस म्हातारे, चहा घेणार?" आणि स्पीकरमधून विहिरीच्या तळातून आल्यासारखं बारीक 'घेणाऽर' उमटलं. तो खो खो हसला. "ऐकणारी ट्यूब घरात ठेवू नये. काय काय उचलेल, सांगता येत नाही. ही नवी घाला."

नवी ट्यूब घातली. नखांचा आवाज गेला, आणि सूरही गेला, पुन्हा वाटाणे. मुलाने दोनदा वाजवून बघितलं आणि म्हणाला, "जुनीच राहू द्या."

"अरे, बिघडलेली आहे ती."

"राहू द्या. सूर तिच्यातच आहे."

दुरुस्तीवाल्याने खांदे उडवले. एका मोडक्या पेटीतला मोठा, ताटाएवढा स्पीकर काढून दिला. छोट्या डब्याला हा जोडलास तर डबा मोठ्याने नाही, भरून बोलेल, म्हणाला. आणि निघताना बजावलं, "एक लक्षात ठेव. स्पीकर जोडल्याशिवाय कधी चालू करायचा नाही. आवाजाला बाहेर पडायला वाट नसली की आतलं जळतं."

आईने ते वाक्य घरापर्यंत आणलं. का, ते तिला कळलं नाही.

४

मुलाचे वडील सुतार. त्यांनी मोठ्या स्पीकरला फळ्यांची पेटी करून दिली. आवाज खरंच भरला, पण इतका की दुसऱ्याच दिवशी शेजारीण दारात.

"वहिनी, कानात कापूस घालून बसलेय मी. थोरला पडून असतो, त्याला सोसत नाही हो. धाकटा काल फोनवर विचारत होता, आई, तुमच्याकडे बांधकाम काढलंय का! धाकटा म्हणजे ना, तिकडे गावाला बसून याच्या तब्येतीची चौकशी करतो, माझी करतो. धाकट्याला म्हटलं, वाजवू दे रे, बिचारा किती दिवसांनी…"

शेजारणीचा थोरला आठ महिने खाटेवरून उठला नव्हता. डॉक्टर म्हणायचे, अंगात काही नाही, मनात आहे. धाकटा दुसऱ्या गावी नोकरीला होता, आणि दर चार वाक्यांमागे त्याचं नाव घेतल्याशिवाय तिचा श्वास पुरा होत नसे.

"करतो काहीतरी, ताई," आई म्हणाली.

उपाय मुलानेच काढला. स्पीकर कपाटात कोंडायचा. कपडे आवाज पितात. दार लावलं की शेजारी त्रास नाही, आणि ॲम्प मात्र पूर्ण जोरात चालवता येतो. ट्यूब पूर्ण तापल्याशिवाय गात नाही. "पण कपड्यांनी भरलेलं कपाट हवं," तो म्हणाला, आणि थांबला.

घरात तसं एकच कपाट होतं.

मुलगी अठरा वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी ते स्वतः केलं होतं. लहानपणी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटून तिच्या कपाळाला टाके पडले होते, म्हणून कपाटाचा प्रत्येक कोपरा गोल. आतला आरसा तिच्या उंचीला. चौदा महिने ते उघडलं नव्हतं.

"त्या कपाटात ठेव," आई म्हणाली. नाव घेतलं नाही.

वडिलांनी मागच्या फळीला तारेपुरतं भोक पाडलं. गिरमिट टेकवताना त्यांचा हात क्षणभर थांबला, मग फिरला. भुसा पडला, तो आईने झाडून घेतला. लटकलेल्या कपड्यांखाली स्पीकर ठेवला. पिवळा पोशाख सगळ्यांत पुढे होता. दार लावलं.

मुलाने एक सूर घेतला.

तो राहिला. तीन मोजून झाले, पाच झाले, दहा झाले; पातळ न होता, उलट मध्यावर जरासा फुलून, काचेतून ऊन यावं तसा दारातून बाहेर येत राहिला. वडील खाली बसले. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "आता छान वाटतंय!"

आई दिव्यापाशी गेली आणि हात जोडले.

५

खटकलं ते दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी.

मुलगा तीन ते पाच वाजवायचा. आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. लांब सूर संपला, पुढचा सुरू व्हायच्या आत बारीकसा श्वास ऐकू आला. नाकाने, घाईत घेतलेला. वरच्या पट्टीत जायच्या आधी मुलगी तसा घ्यायची. गायन शिकवणाऱ्या बाई तिला त्यावरून रागवायच्या.

आईने फडकं खाली ठेवलं. ऐकणारी ट्यूब आहे, तिने स्वतःशी म्हटलं. मुलाचाच श्वास उचलत असेल. तो वाजवताना नाकाने श्वास घेत असेल, त्यात काय.

मग तिने दाराआडून मुलाकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं होतं; सर्दी झाली होती त्याला दोन दिवस.

पुन्हा सूर संपला. पुन्हा श्वास.

ठीक आहे, आई म्हणाली. रस्त्यावरून काहीतरी गेलं असेल. आणि तिने भांडी पुसायला घेतली.

त्या संध्याकाळी दिवा लावताना ती नेहमीसारखी मुलीचं नाव मनात म्हणायला गेली. नवस तोंडाचा होता, मनाचा नव्हता. मनात ती रोज घ्यायची, दिव्याची वात वर करताना एकदाच. आज वात वर झाली आणि मनात नावाच्या जागी घूंऽऽ असा आवाज आला. ॲम्प तापताना येतो तसाच.

ॲम्प बंद होता. तिने जाऊन बघितलं, तार काढलेली होती.

६

"हे काम कुणाचं आहे?"

वडील कपाटापुढे उभे होते. रविवारची सकाळ, हातात चहाचा पेला. आई केर काढत होती.

"कुठलं?"

"हे कपाट. आपण विकत घेतलं होतं का कुणाचं?" त्यांनी अंगठा कोपऱ्यावरून फिरवला. "कोपरे बघ कसे गोल केलेत. सांधा बघ. याला वेळ लागतो. कुणीतरी कुणाची तरी काळजी करून केलंय."

आईच्या हातातला झाडू थांबला. चेष्टा करतायत, तिला वाटलं. पण ते चेष्टा करताना डावी भुवई उचलतात. भुवई जागेवर होती.

"तुम्हीच केलंय."

"मी?" ते हसले. "मी असतं केलं तर आरसा एवढ्या खाली लावला असता का? आपल्या घरात एवढ्या उंचीचं कोण आहे?"

चहा संपवून ते कामाला निघाले. जाताना चांगले दिसत होते. खांदे सरळ, चेहरा मोकळा. गेले चौदा महिने ते पायऱ्या उतरताना कठड्याला धरायचे; आज धरलं नाही. आईला ते खिडकीतून दिसलं, आणि या माणसाला परत वर बोलावून काय सांगायचं, ते तिला सुचेना.

मुलाला तिने दुपारी आडून विचारलं, "त्या कपाटातले कपडे तुला अडचणीचे होत नाहीत ना?"

"छे. तेच तर सूर धरून ठेवतात." तार सोडवता सोडवता तो म्हणाला, "कुणाचे आहेत गं?"

"जुने आहेत," आई म्हणाली.

"बरं झालं टाकले नाहीस."

आणि तो वाजवायला बसला. आज त्याचा सूर आदल्या दिवसापेक्षा चांगला होता. खालच्या रस्त्यावर एक सायकलवाला पाय टेकून वर बघत उभा राहिला, इतका चांगला.

७

आई काही वेंधळी बाई नव्हती. गॅस बंद केला की नाही, हे ती एकदाच बघायची. तिने खुर्चीवर चढून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. शाळेचे दाखले, दवाखान्याची फाइल, गाण्याची वही. मनातून गेलं असेल तर गेलं, कागदावरून कुठे जाणार?

दाखला उघडला. जन्मतारीख होती. वडिलांचं नाव होतं, व्यवसाय सुतारकाम. ओळखीची खूण, कपाळावर जुने टाके. वरच्या ओळीत मुलीचं नाव होतं. अक्षरं दिसत होती, शाई फिकी झाली नव्हती, पण डोळा त्यांवरून तेल लावलेल्या फरशीवरून पाय सरकावा तसा सरकत होता. तिने बोट ठेवून एकेक अक्षर धरायचा प्रयत्न केला. बोटाखाली घूंऽऽ आवाज आला. कानात नाही, बोटात.

फाइल उघडली. खाट क्रमांक सात. ताप किती, सलाइन किती. वरची ओळ, सरकली.

वहीच्या पहिल्या पानावर तर मुलीने स्वतःच्या हाताने, रंगीत पेन्सिलीने, फुलं काढून लिहिलं होतं. फुलं दिसली.

आता आपण घाबरायला हवं, आईच्या मनात आलं. ती पेटीपुढे बसून घाबरायची वाट बघत राहिली. हिरडीवर जीभ फिरवावी तसं मन आत फिरवलं. काही लागलं नाही. थोडा वेळ गेला. कुकरची शिट्टी झाली म्हणून ती उठली.

पण भात उतरवताना तिने एक गोष्ट ठरवली. पिवळा पोशाख तरी बाहेर काढायचा. तो कुणाचा, हे अजून तिला समजत होतं. बाहीला तिनेच टाका घातला होता, घालताना मुलगी उभ्याने केस विंचरत होती आणि "आई, टोचलीस ना!" म्हणून ओरडली होती. ती ओरडली होती, हे आईपाशी होतं. चेहरा अर्धा होता. हे जायच्या आत पोशाख काढून आपल्या उशीखाली ठेवायचा, आणि एकदाच, एकदाच, मोठ्याने हाक मारून बघायची. नवस मोडला तर मोडला. देव काही परका नाही, ती म्हणाली, त्याला समजेल.

८

कार्यक्रमाला तीन दिवस राहिले होते. दुपारचे साडेतीन झाले असतील. खिडकीतून ऊन थेट कपाटाच्या दारावर आलं होतं.

मुलगा डोळे मिटून वाजवत होता. शेवटचा लांब सूर चालला होता, सगळ्यांत वरचा. आई हळूच आत आली आणि कपाटाच्या दाराची कडी धरली. लाकूड हाताखाली थरथरत होतं. साहजिक आहे, आत एवढा मोठा स्पीकर आहे.

तिने दार चार बोटं उघडलं.

आत सगळे कपडे हलत होते. ओढण्या, निळा पोशाख, हिवाळ्यातलं जाड जॅकेट. आवाजाच्या जोराने एकेक कपडा बारीक थरथरत होता, हँगर दांडीवर टकटक करत होते. पिवळा हलत नव्हता.

तो सरळ होता. खांद्यांशी भरलेला. बाह्या खाली लोंबत नव्हत्या. कोपरात वाकून पुढे, स्पीकरच्या जाळीकडे गेल्या होत्या. आतल्या आरशावर, तोंड येईल त्या उंचीला, वाफेचा छोटा गोल धरला होता. सूर फुलला की गोल मोठा व्हायचा, संपत आला की आकसायचा.

आईने तोंड उघडलं. घसा तयार होता, जीभ टाळूला लागली, तेवीस वर्षं ती जिथून उचलायची तिथून. आणि तिच्या तोंडातून शब्द आला नाही, तर कपाटातून सूर आला. मुलाने अजून वाजवलाच नव्हता, असा वरचा, स्वच्छ, इतका गोड की मुलाचे बंद डोळे ओले झाले.

"आई," तो डोळे न उघडताच म्हणाला. आवाजात कुठलाही राग नव्हता. इतका मऊ बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं. "आई, दार लाव ना. उघडं राहिलं की सूर पातळ होतो."

आईने कपाटात बघितलं. मग मुलाकडे बघितलं. त्याच्या गालावर रंग आला होता. काल त्याने दोनदा वाढून घेतलं होतं. सकाळी दुकानात जाताना शीळ घातली होती.

पिवळी बाही हाताच्या अंतरावर होती. बाहीला टाका होता, नीट घातलेला, बारीक. कुणी घातला असेल, तिला वाटलं. चांगला हात आहे.

तिने दार ढकललं. ते कपाट पूर्वीपासून शेवटच्या बोटभर अंतरात अडायचं, खांदा लावावा लागायचा. आज लावावा लागला नाही. आतून कुणीतरी, तिला त्रास पडू नये म्हणून, ते हलकेच ओढून घेतलं.

९

कार्यक्रम छान झाला. लोक उभे राहिले. मंडळींनी मुलाला कायमचं घेतलं. दुकानही चालू आहे. आता तो रोज दुपारी वाजवतो आणि जिन्यावर बसून दोघी तिघी ऐकतात. वडिलांनी बऱ्याच महिन्यांनी नवं काम घेतलंय, खिडक्यांचं. घरात कुणी कुणावर ओरडत नाही. तीन ताटं, तीन पेले. आईला झोप चांगली लागते.

एका दुपारी शेजारीण आली. चहा समोर ठेवला तरी पेल्याला हात लावेना. भिंतीपलीकडे तिचा थोरला, आणि इथे आतल्या खोलीत सूर चालला होता.

"वहिनी, एक विचारू? रागावू नका. तुमचा हा असाच होता ना? भिंतीकडे बघत बसायचा. काय केलंत? कुठला डॉक्टर?"

"डॉक्टर नाही हो. नवस केला."

"कुठे?"

"इथेच. आपल्याच देवापुढे. काही लागत नाही त्याला." आईने तिचा हात हातात घेतला. "जे नाव घेतल्याशिवाय आपला दिवस जात नाही, असं एक नाव द्यायचं. बस. तोंडातून परत काढायचं नाही."

"तुम्ही कुणाचं दिलंत?"

आई विचारात पडली. खरोखर आठवून बघितलं तिने; खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "ते नाही आता लक्षात," ती हसून म्हणाली. "पण गुण आला."

शेजारीण तिच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "वहिनी, असं काय करता? तुमची…" आणि तिचे ओठ हलले.

आईला त्या जागी घूंऽऽ ऐकू आलं. क्षणभर. मग आतल्या खोलीत नाकाने श्वास घेतल्यासारखं झालं आणि पुढचा सूर सुरू झाला.

"काय म्हणालात, ताई? नीट ऐकू नाही आलं."

शेजारणीने हात सोडवून घेतला. उठायला गेली, पण उठली नाही. सूर भिंतीला टेकून पलीकडे जात होता, आणि पलीकडे, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, खाट करकरली. कुणीतरी उठून बसलं असावं, ऐकायला. ते दोघींनाही ऐकू आलं. शेजारणीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"माझ्या तोंडी तर," ती म्हणाली, आणि थांबली. चहावर साय धरली होती. "माझ्या तोंडी तर सारखं धाकट्याचंच नाव असतं."

"मग तेच," आई म्हणाली.

"किती दिवसांत गुण येतो?"

"मला चौथ्या दिवशी आला." आईने पेला तिच्यापुढे सरकवला. तिला या बाईची मनापासून दया येत होती, आणि आशाही वाटत होती. आपल्याला मिळालं ते हिलाही मिळावं, एवढंच. "उद्या सकाळी दिवा लावाल ना, तेव्हाच म्हणा. दुखत नाही, ताई, मी सांगते ना. मी केलं, तसंच तुम्हीही करा."